आजार कळवणाऱ्या देशाला शिक्षा नको

मे २०२५मध्ये ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सूल राज्यातल्या माँटेनेग्रो इथल्या एका कुक्कुटपालन केंद्रात बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. कोंबडीच्या मांसाच्या निर्यातीत ब्राझील जगात पहिला, आणि तिथल्या व्यावसायिक केंद्रात हा विषाणू शिरण्याची ती पहिलीच वेळ. ब्राझीलने ते लगेच जाहीर केले. त्यानंतर जे घडले ते नीट पाहण्यासारखे आहे. जपानसारख्या काही देशांनी निर्बंध त्या नगरपालिकेपुरते किंवा त्या राज्यापुरते ठेवले. चीन आणि युरोपीय संघ यांच्याशी झालेल्या आरोग्यविषयक करारांत मात्र सगळा देश रोगमुक्त असण्याची अट होती, त्यामुळे तिकडची निर्यात पूर्ण थांबली. माँटेनेग्रोपासून हजारो किलोमीटरवरच्या, विषाणूचा वाराही न लागलेल्या केंद्रांचा माल त्यात अडकला. २८ दिवसांत नवा प्रादुर्भाव न आढळल्याने ब्राझीलने जूनमध्ये स्वतःला रोगमुक्त जाहीर केले. चीनचा बाजार उघडायला नोव्हेंबर उजाडला.

विषाणू तोच, केंद्र तेच, ब्राझीलने पाठवलेली माहितीही सगळ्यांना सारखीच. विज्ञानाने दोन वेगळी उत्तरे दिली नव्हती. कोणी आधी बसून काय ठरवून ठेवले होते आणि कोणाचा कोणाच्या तपासणीवर किती विश्वास होता, एवढ्यावरच सगळे ठरले. पशुआरोग्य, वनस्पतिआरोग्य आणि अन्नसुरक्षा यांबाबतच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याची चर्चा निघाली की ती बहुधा ‘नियम कडक हवेत की सैल’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. या व्यवस्थेतली सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे एखाद्या देशाने आपल्याकडचा आजार वेळेवर आणि खरा कळवणे. तो कळवणाऱ्याला आपण जितकी जबर किंमत मोजायला लावू, तितका पुढचा आजार उशिरा कळेल. सीमेवरचे कडक नियम ही उणीव भरून काढू शकत नाहीत, कारण ज्याची खबरच नाही ते सीमेवर शोधणार कसे?

हे शहाणपण नवे नाही. १९२०मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरातून पुढे गेली आणि मागे बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा साथरोग ठेवून गेली. युरोपात हाहाकार उडाला. त्यातूनच २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी पॅरिसमध्ये पशुरोगांसाठी एक आंतरराष्ट्रीय कार्यालय स्थापन केले. तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना. स्थापनेच्या वेळी सदस्यांवर टाकलेल्या कर्तव्यांत एक महत्त्वाचे होते: आधी रोगमुक्त असलेल्या भागात बुळकांडी किंवा लाळ्या खुरकूत दिसली की तारेने कळवायचे. औषधे, लसी, प्रयोगशाळा सगळे नंतर आले. सुरुवात झाली ती एका तारेपासून. आज ती तार संगणकावरून जाते आणि खात्री पटल्यापासून २४ तासांत जावी अशी अपेक्षा असते. बुळकांडी २०११मध्ये जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने मुळासकट उपटलेला हा दुसराच रोग. लस चांगली होती हे खरे, पण कुठल्या कळपाला ती टोचायची हे समजण्यासाठी कोणीतरी ‘आमच्याकडे अजून आहे’ असे सांगावे लागत होते.

वनस्पतींच्या बाबतीत तर देश त्याहून आधी एकत्र आले. द्राक्षवेलींच्या मुळांवर जगणाऱ्या फायलोक्सेरा किडीने एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा १८७८मध्ये बर्न इथे करार झाला. त्याचाच वारसा पुढे १९५१च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराने चालवला. अन्नासाठी १९६३पासून आंतरराष्ट्रीय खाद्यमानके ठरवणारा कोडेक्स आयोग आहे. या तिन्ही संस्थांच्या मानकांना व्यापाराच्या कायद्यात वजन मिळाले ते १ जानेवारी १९९५ रोजी, जागतिक व्यापार संघटनेबरोबर लागू झालेल्या स्वच्छता व वनस्पतिआरोग्यविषयक करारामुळे. हा करार कोणत्याही देशाला आपल्या माणसांचे, जनावरांचे, पिकांचे रक्षण करण्यापासून रोखत नाही. तो एवढेच म्हणतो की उपायाला वैज्ञानिक आधार दाखवा, गरजेपेक्षा जास्त व्यापार अडवू नका, आणि आयातीला लावता ती फूटपट्टी स्वतःलाही लावा.

त्यातले सहावे कलम माझ्या मुद्द्याशी थेट भिडते. रोगाला राजकीय नकाशा समजत नाही, तेव्हा रोगमुक्त किंवा कमी रोगाचे प्रदेश ओळखा, असे ते सांगते. देशाच्या एका कोपऱ्यात रोग असेल तर तो कोपरा बंद करा. वाचायला सोपे, पाळायला महाकठीण. २०१४च्या सुरुवातीला लिथुआनिया आणि पोलंडमध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग सापडला तेव्हा रशियाने सगळ्या युरोपीय संघाच्या डुकराच्या मांसाला बंदी घातली. वाद जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि २०१७मध्ये रशिया हरला. भारतानेही बर्ड फ्लू आढळलेल्या देशांचा कुक्कुटमाल सरसकट रोखला होता. अमेरिकेने तक्रार केली, आणि २०१५मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने ही बंदी आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेली नाही, प्रदेशांचा विचारही करत नाही, असे ठरवले. गरीब-श्रीमंत, लहान-मोठा, कुणीच या मोहातून सुटलेला नाही. रोगाची बातमी ही घरच्या उत्पादकांना संरक्षण देण्याची आयती संधी असते, आणि ‘जनतेच्या आरोग्यासाठी’ हे कारण असे की त्याला विरोध करणारा लगेच संशयित ठरतो.

जर्मनीचा अनुभव आणखी बोलका आहे. १० सप्टेंबर २०२० रोजी पोलंडच्या सीमेजवळ ब्रांडेनबुर्गमध्ये एका मृत रानडुकरात आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू असल्याचे निश्चित झाले. रानडुकरात, पाळलेल्या डुकरात नव्हे. काही दिवसांत चीन, दक्षिण कोरिया आणि जपान यांनी सगळ्या जर्मनीचे डुकराचे मांस बंद केले. युरोपीय संघात मात्र बाधित पट्टा आखला गेला आणि बाकीच्या जर्मनीतून शेजारी देशांत माल जात राहिला. त्या शेजाऱ्यांना आपल्या डुकरांची काळजी नव्हती का? उलट विषाणूचा धोका त्यांनाच सर्वांत जवळचा होता. पण पट्टा कसा आखतात, कुंपण कुठे घालतात, नमुने कोण तपासतो, हे त्यांना ठाऊक होते, कारण ते नियम त्यांनीच मिळून केले होते.

आता याच्या विरुद्धचा युक्तिवाद, कारण तो हलका नाही. ब्रिटनमध्ये १९८६मध्ये ‘मॅड काऊ’ म्हणजे बीएसई हा गुरांचा मेंदूरोग ओळखला गेला. त्यानंतर दहा वर्षे तिथले सरकार गोमांस निर्धोक असल्याची ग्वाही देत राहिले. २० मार्च १९९६ रोजी त्याच सरकारला संसदेत सांगावे लागले की माणसांत दिसू लागलेल्या एका जीवघेण्या आजाराचा या रोगाशी संबंध असण्याची दाट शक्यता आहे. ज्यांनी आधीपासून शंका घेतली होती ते बरोबर ठरले. तेव्हा ‘विज्ञान म्हणते ठीक आहे, मग घ्या’ असे सांगणाऱ्याकडे लोक साशंक नजरेने पाहतात, यात त्यांचे काहीच चुकत नाही. शिवाय मानके ठरवणाऱ्या संस्थांतही केवळ विज्ञान बोलत नसते. जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात मिसळल्या जाणाऱ्या रॅक्टोपामिन या औषधाच्या अवशेषांची मर्यादा २०१२मध्ये कोडेक्समध्ये ६९ विरुद्ध ६७ अशा मतांनी मंजूर झाली. अर्धे जग एका बाजूला आणि अर्धे दुसऱ्या बाजूला असताना निघालेल्या मानकाला ‘विज्ञानाचा कौल’ म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. वाढीच्या संप्रेरकांवर पोसलेल्या गुरांचे मांस नको, हा युरोपचा आग्रह १९९८मध्ये जागतिक व्यापार संघटनेत हरला, तरी युरोपने तो सोडला नाही आणि अमेरिकेचे वाढीव शुल्क सोसले. लोकांना काय खायचे नाही हे ठरवण्याचा हक्क मी तरी नाकारणार नाही.

म्हणून सावधगिरीला जागा हवीच, आणि १९९५च्या करारात ती आहे. पुरावा अपुरा असेल तर तात्पुरता उपाय करता येतो. अट एवढीच की जास्त माहिती मिळवायचा प्रयत्न करायचा आणि वाजवी काळात फेरविचार करायचा. माझी तक्रार सावधगिरीबद्दल नाही. तात्पुरत्या म्हणून आलेल्या आणि कायमच्या होऊन बसलेल्या बंदीबद्दल आहे. ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडची सफरचंदे ‘फायर ब्लाइट’ या जिवाणूजन्य रोगाच्या भीतीने १९२१मध्ये रोखली. पक्व, निरोगी फळातून हा रोग बागांत पसरतो याला पुरेसा आधार नाही हे अपील मंडळाने नक्की करेपर्यंत २०१० साल उजाडले. आणि हे दोन देश कोण? पुढे खाद्यमानके एकत्र ठरवणारे, एकमेकांवर इतका भरवसा असलेले दोन शेजारी. त्यांच्यात नव्वद वर्षे लागली, तर ज्यांचा एकमेकांशी फारसा परिचय नाही त्यांनी काय करावे?

बीएसईच्या प्रकरणातून मी मात्र वेगळाच धडा घेतो. ब्रिटिश सरकार दहा वर्षे धोका कमी करून का सांगत राहिले? अनेक कारणे होती, पण गोमांसाचा बाजार कोसळेल ही धास्ती त्यात नक्कीच होती. सत्य बोलण्याची किंमत अवाढव्य असली की सरकारे सत्याशी घासाघीस करू लागतात. जे सरकारांचे तेच पशुपालकांचे. गोठ्यात पहिले जनावर आजारी पडते तेव्हा मालकापुढे दोन वाटा असतात. पशुवैद्यकाला बोलवायचे, म्हणजे सगळा कळप मारला जाणार. किंवा बाकीची जनावरे घाईने विकून टाकायची. आफ्रिकन स्वाइन फीवरवर बहुतेक ठिकाणी वापरता येईल अशी खात्रीची लस नाही, त्यामुळे कत्तल हाच मुख्य उपाय. नुकसानभरपाई अपुरी असेल, वर्षभराने मिळणार असेल, तर दुसरी वाट धरणाऱ्याला दोष देऊन रोग थांबत नाही. अशी घाईची विक्री हा या रोगाच्या फैलावाचा ओळखीचा मार्ग आहे. कळवणाऱ्या पशुपालकाला पूर्ण आणि तातडीची भरपाई, आणि कळवणाऱ्या देशाला मर्यादित आणि तातडीने उठणारी बंदी: या दोन्ही गोष्टी एकाच धोरणाच्या बाजू आहेत. आजवर पहिलीवर थोडेफार बोलले जाते, दुसरीवर जवळजवळ नाही.

अन्नाच्या बाबतीत घाईने सरसकट बोट दाखवण्याची किंमत २०११मध्ये दिसली. जर्मनीत ई. कोलायच्या एका घातक प्रकाराची साथ आली. सुमारे चार हजार माणसे आजारी पडली, पन्नासहून अधिक दगावली. मे महिन्याच्या अखेरीस हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पॅनिश काकड्यांवर ठपका ठेवला. स्पेनमधल्या शेतकऱ्यांची उभी पिके वाया गेली, आणि रशियाने सगळ्या युरोपीय संघाच्या भाज्या बंद केल्या. काही दिवसांतच काकड्या निर्दोष ठरल्या. दरम्यान फ्रान्समध्ये बोर्दोजवळ आणखी काही जण त्याच जिवाणूने आजारी पडले, आणि दोन्ही देशांच्या तपासाचे धागे जुळल्यावर माग लागला तो इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्याच्या एका खेपेपर्यंत. त्या दाण्यांना मोड आणून ते कच्चे खाल्ले गेले होते. बंदीने हा शोध लावला नाही. एका देशातली पुरवठ्याची कागदपत्रे दुसऱ्या देशातल्या रुग्णांच्या जबान्यांशी ताडून पाहिली, म्हणून तो लागला. रशियाची बंदी लागू असतानाही खरा दोषी माल युरोपच्या गोदामांत पडून होता. आरोग्यरक्षणाच्या नावाने केलेला, सगळ्यांना दिसणारा उपाय आणि खरे आरोग्यरक्षण यांत इतके अंतर असू शकते.

हे सगळे सांगताना एक अस्वस्थ करणारी बाजू टाळून चालणार नाही. कडक नियमांचा बोजा सगळ्यांवर सारखा पडत नाही. शेंगदाणे, मका अशा मालात बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. त्याने यकृताचा कर्करोग होतो, मात्रा जास्त असेल तर माणूस लगेचही दगावतो. युरोपीय संघाने १९९८मध्ये त्याच्या मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकापेक्षा कडक ठरवल्या. जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २००१मध्ये अंदाज मांडला की यामुळे आफ्रिकी देशांची वर्षाला सुमारे ६७ कोटी डॉलरची निर्यात जाईल आणि त्या बदल्यात युरोपात दर अब्ज लोकांमागे वर्षाला १.४ मृत्यू टळतील. निर्यातीचे नुकसान त्यात फुगवले गेले, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले. मीही त्या आकड्याला चिकटून बसणार नाही. माझे लक्ष जाते ते दुसऱ्या एका आकड्याकडे. २००४मध्ये केनियात दूषित मका खाऊन ३१७ जणांना अफ्लाटॉक्सिनची बाधा झाली आणि त्यातले १२५ दगावले. हा मका निर्यातीचा नव्हता, घरी खाण्यासाठी साठवलेला होता.

बंदरावर नाकारलेली खेप नाहीशी होत नाही. ती परत येते, किंवा जिथे कोणी तपासत नाही तिथे विकली जाते. निर्यातीसाठी एक प्रयोगशाळा, एक प्रमाणपत्र, एक गोदाम आणि देशातल्या माणसांसाठी यातले काहीच नाही, अशी दुहेरी व्यवस्था कित्येक देशांत आहे. या सहकार्यावरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. श्रीमंत ग्राहकाच्या ताटापर्यंतची वाट स्वच्छ करण्यापुरतेच ते बहुतेकदा मर्यादित राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या अंदाजानुसार दूषित अन्नाने जगात वर्षाला ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात. त्यांतल्या बहुसंख्यांनी खाल्लेले अन्न कुठलीच आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून आलेले नसते. गरीब देशांची ही क्षमता वाढवण्यासाठी जागतिक व्यापार संघटना, जागतिक बँक आणि इतर संस्थांनी मिळून एक निधी उभारला आहे. त्याचे काम चांगले आहे, पण गरजेच्या मानाने तो फारच लहान आहे. प्रयोगशाळेला दिलेला पैसा दानधर्म समजू नये. ज्या जिल्ह्यात नमुना तपासायची सोय नाही, तिथला रोग जगाला तेव्हाच कळतो जेव्हा तो दुसऱ्या देशात पोचलेला असतो. प्रामाणिकपणाला इच्छा लागते तशी साधनेही लागतात.

सहकार्य नीट झाले की ते इतके साधे दिसते की कोणाच्या लक्षातही येत नाही. जगभर माल ज्या लाकडी खोक्यांतून आणि पॅलेटांवरून फिरतो, त्यांतून लाकूड पोखरणारे किडे प्रवास करत. आशियातला लांबशिंगी भुंगेरा १९९६मध्ये न्यूयॉर्कच्या झाडांत सापडला, तो बहुधा असाच आला होता. प्रत्येक देशाने स्वतःचा वेगळा नियम केला असता तर बंदरांवर गोंधळ माजला असता. २००२मध्ये वनस्पती संरक्षण कराराखाली एकच मानक ठरले: लाकडाचा गाभा किमान ३० मिनिटे ५६ अंश सेल्सियसला तापवायचा किंवा ठरलेली धुरी द्यायची, आणि गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला शिक्का मारायचा. आज तो शिक्का जगातल्या कुठल्याही गोदामात दिसतो. वनस्पतिआरोग्याची प्रमाणपत्रेही आता कागदाऐवजी सरकारकडून सरकारकडे थेट इलेक्ट्रॉनिक रूपात जाऊ लागली आहेत. बनावट प्रमाणपत्राला त्यात वाव कमी, आणि नाशवंत मालाचा बंदरावरचा मुक्कामही कमी.

पण रोगाची बातमी आल्यानंतर देशांनी कसे वागायचे, हे असे एका शिक्क्यात बसत नाही, आणि तिथे शेवटचा न्याय मागायची जागाही आता उरलेली नाही. जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९पासून ठप्प आहे; नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने अडवल्या. जिनिव्हात १९९५च्या कराराचे काम पाहणाऱ्या समितीत देश आपल्या तक्रारी मांडतात, काही चर्चेने सुटतात, पण अडून बसलेल्या देशाला हलवणारे तिथे काही नाही. अपील मंडळ चालू होते तेव्हाही अशा निकालाला वर्षे लागत, आणि वर्षभर बंद राहिलेला बाजार पुन्हा हाती लागेल याची खात्री नसते. म्हणून मला खरी आशा वाटते ती रोग येण्याआधी केलेल्या करारांची. आफ्रिकन स्वाइन फीवर फ्रान्समध्ये नव्हता तेव्हाच, डिसेंबर २०२१मध्ये, चीन आणि फ्रान्स यांनी ठरवून टाकले की उद्या तो आला तर बंदी फक्त बाधित प्रदेशापुरती. नोव्हेंबर २०२५मध्ये चीनने स्पेनशीही तसाच करार केला. त्याच महिन्याच्या अखेरीस बार्सेलोनाजवळ मृत रानडुकरांत विषाणू सापडला, १९९४नंतर स्पेनमध्ये प्रथमच. या वेळी चीनने फक्त बार्सेलोना प्रांत बंद केला. २०२०मध्ये सगळ्या जर्मनीला दार लावणारा हाच तो देश.

असे करार अपवाद म्हणून नव्हे, रीत म्हणून व्हायला हवेत, आणि ते फक्त मोठ्या निर्यातदारांच्या वाट्याला येऊ नयेत. फ्रान्स किंवा स्पेनकडे पशुवैद्यकांची फौज आहे आणि वाटाघाटींसाठी वजनही आहे. एखाद्या लहान देशाला यातले काहीच नसते, म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेने प्रदेशांची पडताळणी स्वतः करावी आणि ती पडताळणी सर्व आयातदारांनी मानावी. सध्या लाळ्या खुरकूत, बीएसई अशा मोजक्याच रोगांसाठी संघटना अधिकृत दर्जा देते. बर्ड फ्लू आणि आफ्रिकन स्वाइन फीवरमध्ये देशाला स्वतःच स्वतःला रोगमुक्त म्हणवून घ्यावे लागते, आणि लहान देशाचे ते म्हणणे कोणी ऐकतोच असे नाही. बंदीच्या प्रत्येक आदेशातही पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: ती कोणत्या प्रदेशापुरती आहे, कोणत्या पुराव्यावर उठेल, आणि फेरविचाराची तारीख कोणती. तारीख उलटून गेली आणि नवा पुरावा आला नाही, तर बंदी आपोआप संपावी. ती चालू ठेवायची असेल तर कारण देण्याची जबाबदारी बंदी घालणाऱ्यावर असावी, रोग कळवणाऱ्यावर नाही.